मगावरचा रंग आणि मशीनवरचा आकडा

मग प्रिंटिंगचं मशीन नव्यानं घेतलेला माणूस सगळ्यात आधी आकडे विचारतो. टेम्परेचर किती ठेवू, टाइम किती ठेवू? उत्तर ठरलेलं असतं: १८० अंश सेल्सिअस, १८० सेकंद. मशीन विकणारा हेच सांगतो, कोरे मग पुरवणारा हेच सांगतो, आधीपासून धंद्यात असलेला फोटो स्टुडिओवालाही हेच सांगतो. सुरुवात करायला हा आकडा चांगलाच आहे. अडचण पुढे येते. शाई तीच, कागद तोच, मग एकाच खोक्यातले आणि आकडाही तोच. तरी एका दुकानात वाढदिवसाच्या मुलाचा चेहरा टवटवीत उमटतो आणि दुसऱ्या दुकानात तोच फोटो धुवट दिसतो. दुसरा दुकानदार आधी शाई बदलतो, नंतर कागद बदलतो, शेवटी मग पुरवणाऱ्याला फोन लावतो. मशीनकडे त्याचं लक्षच जात नाही, कारण पडद्यावर १८० दिसत असतात.

पडद्यावरचा आकडा हीटरचा असतो, मगाचा नसतो. रंग चढतो तो मगाच्या पृष्ठभागाला प्रत्यक्षात किती उष्णता मिळाली, किती वेळ मिळाली आणि कागद त्याला किती घट्ट चिकटून होता यावर. हे एकदा नीट समजलं की सेटिंग जुळवणं हे अंदाजपंचे काम राहत नाही. त्यासाठी त्या तीन मिनिटांत आत नेमकं काय घडतं ते पाहायला हवं.

देवघरातली कापराची डबी नीट लागली नाही तर वडी हळूहळू लहान होत जाते आणि एक दिवस डबी रिकामी सापडते. डबीत पाणी साचलेलं नसतं, डाग पडलेला नसतो. कापूर घनरूपातून थेट वायुरूपात गेलेला असतो. शाळेच्या पुस्तकात याला संप्लवन म्हटलेलं आहे, इंग्रजीत सब्लिमेशन. सब्लिमेशनच्या शाईतले रंग याच जातीचे. प्रिंटरमधून कागदावर उतरतात तेव्हा ते फिके, मळकट दिसतात आणि नवख्या माणसाला वाटतं, प्रिंट बिघडली. साधारण १८० ते २०० अंशांच्या दरम्यान त्यांची वाफ होते, ती वाफ समोरच्या पृष्ठभागात शिरते, आणि कागद सोलला की झळझळीत रंग दिसतो.

ही वाफ चिनीमातीत शिरत नाही. मगाची चकाकी म्हणजे काचेसारखा थर. त्यात रंगाला जागाच नसते. म्हणून या कामासाठी मिळणाऱ्या कोऱ्या मगांवर पॉलिएस्टर कुळातल्या प्लॅस्टिकचा पातळ पारदर्शक लेप भाजून बसवलेला असतो. प्लॅस्टिक तापलं की त्याच्या लांबलचक रेणूंची आपसातली पकड सैल होते. बाटल्यांसाठी वापरतात त्या पेट प्लॅस्टिकमध्ये ही सीमा ७० ते ८० अंशांच्या आसपास असते. तिच्या बऱ्याच वर गेलं की रंगाचे रेणू त्या सैल जाळीतून आत सरकतात. थंड झालं की जाळी आवळली जाते आणि रंग आतच अडकतो. थोडक्यात, आपण मगावर छापत नाही, मगावरच्या पॉलिएस्टरवर छापतो. बाजारातला साधा, बिनलेपाचा मग आणून त्यावर कितीही ताप दिला तरी हाती काही लागत नाही. आजीच्या कपाटातल्या कपबशीवरचं गुलाबाचं फूल वेगळ्या रीतीचं असतं. ते खनिज रंगांचं, भट्टीत सुमारे ८०० अंशांवर चकाकीतच वितळवून बसवलेलं. म्हणून ते घासून जात नाही. आपलं चित्र मात्र लेप टिकेल तितकंच टिकतं.

या रंगांची गोष्ट मगापासून सुरू झालेली नाही, कापडापासून झाली आहे. १९२०च्या दशकात ॲसिटेट रेशीम बाजारात आलं आणि नेहमीचे पाण्यात विरघळणारे रंग त्यावर चढेनात. तेव्हा पाण्यात न विरघळणारे, बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत ठेवलेले रंग तयार करण्यात आले. त्यांना डिस्पर्स रंग म्हणतात. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये काम करणाऱ्या जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला, आणि त्या हट्टी धाग्यालाही हेच रंग कामी आले. पुढे १९५७ मध्ये फ्रान्समधल्या लेनिएर द रूबे या कापड कंपनीत नोएल द प्लास यांच्या लक्षात आलं की यातले काही रंग तापवल्यावर वाफ होऊन कागदावरून कापडावर जातात. आज तालुक्याच्या गावातल्या दुकानात टेबलावर ठेवलेलं मग मशीन त्याच निरीक्षणावर चालतं.

आता मशीनकडे येऊ. मग प्रेसमध्ये सिलिकॉन रबराचा एक लवचीक पट्टा असतो, त्याच्या पोटात तापणाऱ्या तारा असतात. दुकानात याला कुणी एलिमेंट म्हणतं, कुणी कॉइल. आपण मगाला कागद गुंडाळतो, टेप लावतो, मग पट्ट्यात बसवतो आणि दांडा ओढून तो आवळतो. तापमान मोजणारा सेन्सर असतो तो या पट्ट्यात किंवा त्याच्या पाठीला. म्हणजे तो पट्ट्याचं तापमान सांगतो. गार मग आत गेल्या गेल्या पडद्यावरचा आकडा झपाट्यानं उतरताना तुम्ही पाहिला असेल. १८० वरून १५० च्या खाली, कधी त्याहूनही खाली. ही मशीनची खराबी नव्हे. मग उष्णता शोषून घेतो आहे. आकडा पुन्हा वर चढायला जो वेळ लागतो तोच खरा माहितीचा ठेवा आहे, आणि बहुतेक जण नेमका तेव्हाच पुढच्या मगाला टेप लावण्यात गुंतलेले असतात.

मग किती उष्णता शोषतो? ढोबळ हिशेब करता येतो. नेहमीचा ११ औंसी मग, म्हणजे सुमारे ३२५ मिलिलिटर मावणारा, वजनाला साधारण ३३० ग्रॅम भरतो. एक ग्रॅम भाजलेली माती एका अंशानं तापवायला साधारण ०.८५ ज्यूल लागतात. खोलीतल्या २५ अंशांपासून १८० पर्यंत न्यायचं म्हणजे १५५ अंश. गुणाकार केला की उत्तर येतं ४३ हजार ज्यूलच्या वर. लहान मग प्रेस साधारण ३५० वॉटची असते, म्हणजे सेकंदाला ३५० ज्यूल. सगळी उष्णता मगालाच मिळाली असं धरलं तरी १२४ सेकंद गेले. प्रत्यक्षात काही उष्णता हवेत जाते, आणि मगाचा कान काही तितका तापत नाही. तेव्हा हा हिशेब अगदी काटेकोर नाही. पण १८० सेकंदांतला मोठा भाग नुसता मग तापवण्यातच जातो, रंग चढायला खरा वेळ थोडाच उरतो, एवढं त्यातून स्वच्छ कळतं.

हे कळलं की बऱ्याच कोड्यांची उत्तरं आपोआप मिळतात. नाशिकला जानेवारीच्या सकाळी रात्रभर गार पडलेल्या दुकानातला मग १२ अंशांवर असतो, मे महिन्यात तोच ३७ अंशांवर. फरक २५ अंशांचा, म्हणजे सुमारे ७ हजार ज्यूल, म्हणजे ३५० वॉटच्या मशीनला जवळपास २० सेकंद. हिवाळ्यातला दिवसाचा पहिला मग फिका का येतो आणि दुपारी काम सुरळीत का चालतं, याचं कारण हेच. अशा दिवसांत खोकं आदल्या रात्री फरशीवर ठेवू नये. मग आधी उन्हात किंवा चालू मशीनच्या उबेला ठेवले तरी फरक पडतो.

दुसरं कोडं विजेचं. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरलेली आहे. संध्याकाळी भार वाढला, किंवा एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर मग मशीन, टी-शर्टची सपाट प्रेस आणि लॅमिनेटर लावले, की व्होल्टेज उतरतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे २०० झाले तर व्होल्टेज उतरतं १३ टक्के, पण ताकद उतरते जवळपास २४ टक्के. ३५० वॉटचं मशीन २६५ वॉटचं होतं आणि १२४ सेकंदांचं काम १६४ सेकंदांवर जातं. टायमर मात्र त्याच्या वेळेलाच वाजतो. संध्याकाळचे मग सकाळच्यापेक्षा फिके येत असतील तर शाईची बाटली हलवण्याआधी व्होल्टेज मोजा. मशीनला स्वतंत्र १५ अँपिअरचं सॉकेट द्या. एवढ्यानं अनेकांचं दुखणं बरं होईल.

टायमरचीही एक खुबी आहे, आणि ती माहितीपत्रकात क्वचितच सांगितलेली असते. काही मशीनमध्ये दांडा आवळला की लगेच सेकंद मोजायला सुरुवात होते. काहींमध्ये दोन तापमानं भरावी लागतात, एक थांब्याचं आणि एक कामाचं. मग आत गेला की मशीन आधी कामाच्या तापमानापर्यंत चढतं आणि तिथे पोचल्यावर सेकंद मोजू लागतं. दोन्हीकडे १८० सेकंद भरले तरी दुसऱ्या प्रकारात मगाला प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताप मिळतो. मित्राचे आकडे जसेच्या तसे उचलून काम बिघडतं त्याचं हे एक मोठं कारण आहे. तुमचं मशीन कधीपासून मोजतं हे हातात मोबाईलचं घड्याळ धरून एकदा पाहून ठेवा.

अंश कोणते, हेही पाहायला हवं. बरीच मशीनं सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही दाखवतात आणि एखादं बटण दाबलं जाऊन एकक बदलतं. १८० अंश फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ८२ अंश सेल्सिअस. त्यावर कागदावरचा रंग ढिम्म हलत नाही. उलट अमेरिकी व्हिडिओत सांगितलेले ४०० अंश फॅरनहाइटमधले असतात, म्हणजे २०४ सेल्सिअस.

आकड्यांइतकंच महत्त्व दाबाला आहे, पण दाबाला आकडा नसतो म्हणून तो राहून जातो. मशीनच्या मागे किंवा बाजूला एक स्क्रू किंवा गोल नॉब असतो, त्यानं पट्ट्याची पकड कमीजास्त होते. रंगाची वाफ कुठेही जाऊ शकते. कागद आणि मग यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी ती तिथे पसरते आणि रेषा धूसर होते. दांडा ओढताना हाताला जोर जाणवला पाहिजे, पण दोन्ही हातांनी झोंबावं लागता कामा नये. फार आवळलं तर मग तडकतो, बहुतेकदा कानाच्या सांध्याशी. मगांचे खोके बदलले की पकड पुन्हा पाहावी लागते, कारण सगळे मग एका मापाचे नसतात. व्यास साधारण ८२ मिलिमीटर म्हणतात, पण एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो, आणि काही मग वरून खाली किंचित निमुळते असतात. मग घेऊन तो सपाट टेबलावर आडवा लोळवून पाहा. सरळ रेषेत न जाता वळत गेला तर तो निमुळता आहे. त्याच्या एका काठाला पट्टा पुरेसा टेकणार नाही आणि तिथला रंग उतरलेला येईल. अशा मगावर दाब वाढवण्यापेक्षा डिझाइनची उंची कमी करणं शहाणपणाचं.

काठांचा प्रश्न चांगल्या मगांतही असतो. मगाचा तळ जाड असतो, तो जास्त उष्णता ओढतो. वरच्या काठाशी पट्टा संपतो. आणि कानाजवळ तर पट्ट्याची दोन टोकं एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून अनुभवी माणूस चित्र काठापर्यंत नेत नाही. मगाचा घेर साधारण २५८ मिलिमीटर, पण डिझाइन बहुतेक जण ८ बाय साडेतीन इंचाचं करतात. ए-४ कागदावर अशी तीन बसतात आणि काठाला मोकळी जागाही उरते. चेहरे कानापासून दूर ठेवावेत; कानालगत नाव किंवा नक्षी चालते, डोळे नाहीत.

आता सगळ्यात उपयोगाचं. टायमर वाजला, मग काढला, कागद सोलला. बहुतेक जण मग पाहतात आणि कागद टोपलीत टाकतात. तो कागद टाकू नका. मग आणि कागद शेजारी ठेवून एकत्र वाचायचे असतात.

कागदावर चित्राची फिकट, सगळीकडे सारखी सावली उरली असेल तर काम बरोबर झालं. कागदावर रंग अजून गडद असेल तर वाफ पूर्ण निघालीच नाही, ताप किंवा वेळ कमी पडला. गडदपणा फक्त एका पट्ट्यात असेल, उदाहरणार्थ खालच्या काठाशी, तर तापमानाला हात लावू नका. तिथे दाब कमी आहे किंवा पट्टा पोचत नाही. आणि जिथे छपाई नव्हती तो कोरा भागही पिवळट-तपकिरी झाला असेल तर ताप जास्त झाला, मगाचा लेपही त्या तापात करपायला लागलेला असतो. पांढऱ्या मगावर चित्राभोवती किंचित पिवळी झाक दिसली तर तेच.

काळा रंग सगळ्यात जास्त फसवतो. काळा तपकिरी दिसायला लागला की कुणी म्हणतं ताप वाढवा, कुणी म्हणतं कमी करा, आणि दोघंही कधी ना कधी बरोबर ठरतात. कारण सब्लिमेशनचा काळा हा एक रंग नसतो. दोन-तीन डिस्पर्स रंगांचं ते मिश्रण असतं. त्यातल्या लहान रेणूंचा रंग लवकर उडतो, मोठ्या रेणूंच्या रंगाला जास्त उष्णता लागते. ताप कमी पडला तर लवकर उडणारे पोचलेले असतात आणि उशिराचे कागदावरच राहिलेले असतात. ताप जास्त झाला तर पटकन उडणारे लेपातही थांबत नाहीत, पसरतात किंवा निसटतात. दोन्ही वेळा मिश्रणाचा तोल ढळतो. कोणती बाजू ते मग एकट्यानं सांगत नाही. कागद पाहा: गडद उरलाय की करपलाय? आणि मगावरच्या रेषांच्या कडा पाहा: कडा धारदार आणि काळा तपकिरी असेल तर ताप कमी, कडा फुगलेल्या आणि काळा तपकिरी असेल तर ताप जास्त. कागदही ठीक, कडाही ठीक आणि तरी रंग विचित्र असेल तर दोष मशीनचा नाही, संगणकातल्या कलर प्रोफाइलचा आहे. तिथे प्रेसचे आकडे फिरवून काहीच साधणार नाही.

हे नीट वाचता यावं म्हणून एक चाचणीचं डिझाइन करून ठेवावं. त्यात ठसठशीत काळा चौकोन, फिक्यापासून गडदपर्यंत राखाडीच्या पायऱ्या, एक चेहरा, बारीक रेषा आणि लहान टायपातल्या मराठी चार ओळी असाव्यात. मराठी मजकूर मी मुद्दाम सांगतो आहे. अनुस्वाराचं टिंब, रफार, चंद्रकोर हे सगळं वरच्या भागात गर्दीनं बसलेलं असतं. ताप थोडा जरी जास्त झाला तरी ‘कर्तृत्व’मधला रफार शिरोरेषेत मिसळतो आणि ‘आनंद’वरचं टिंब फुगतं. इंग्रजी अक्षरांत जे बिघडलेलं कळत नाही ते देवनागरीत चटकन दिसतं. शिवाय लग्नाच्या नि वाढदिवसाच्या मगांवर गिऱ्हाईक हेच तर वाचणार आहे.

चाचणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी दाब ठीक करून तो तसाच राहू द्यायचा. वेळ १८० सेकंदांवर ठेवून तापमान १७५, १८०, १८५, १९० असं पाच-पाच अंशांनी बदलत मग काढायचे. किंचित डागाळलेले, सेकंडचे मग स्वस्त मिळतात, ते यासाठी चालतात. फक्त लेप त्याच जातीचा असावा. प्रत्येकाच्या बुडावर मार्करनं आकडे लिहायचे आणि कागद त्याच मगात घालून ठेवायचा. ज्या सगळ्यात कमी तापमानाला काळा पूर्ण भरतो ते आपलं तापमान. त्यानंतर तेच तापमान धरून वेळ १५-१५ सेकंदांनी मागेपुढे करून पाहायचा. ताप वाढवून वेळ वाचवायचा मोह ऑर्डरच्या घाईत सगळ्यांना होतो. २१० अंशांवर ९० सेकंदांत चित्र उमटतंही, पण मगाचा बाहेरचा थर करपायला आलेला असतो आणि आतला पुरेसा तापलेला नसतो. त्यामुळे एकाच मगावर एक भाग जास्त आणि एक भाग कमी भाजलेला मिळतो. माझा कल नेहमी कमी ताप आणि पुरेसा वेळ याकडेच आहे.

इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी असेल तर टायमर वाजल्याबरोबर तो मगाच्या आत रोखून आतल्या भिंतीचं तापमान वर, मध्ये आणि तळाशी घ्या. चकचकीत स्टीलवर हे यंत्र चुकीचं वाचन देतं, चिनीमातीवर आणि सिलिकॉनवर बऱ्यापैकी खरं देतं. चांगल्या निघालेल्या मगाची ही तीन वाचनं लिहून ठेवली की पुढे केव्हाही काम बिघडल्यावर ताप कमी पडतोय की दुसरं काही, ते मिनिटभरात कळतं.

पावसाळ्याबद्दल कोकणातल्या आणि गोव्यातल्या दुकानदारांना वेगळं सांगायला नको, पण कारण सांगायला हवं. कागद हवेतलं पाणी पितो. प्रेसमध्ये त्या पाण्याची आधी वाफ होते, ती कागद मगापासून जरासा उचलते, रंगाच्या वाफेला वाट करून देते आणि चित्रात ढगासारखे फिके डाग किंवा निळे ठिपके पडतात. ताप वाढवून हे डाग जात नाहीत. कागदाचं पाकीट उघडल्यावर ते झिपच्या पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवा, प्रिंट निघाल्यावर काही मिनिटं सुकू द्या, आणि ओलसर दिवसांत गुंडाळण्याआधी कागदावरून गरम हवा फिरवा. मगही कोरड्या, तंतू न सोडणाऱ्या कापडानं पुसून घ्या. बोटाचा तेलकट ठसा आणि कापसाचा धागा दोन्ही चित्रात कायमचे छापले जातात.

प्रेस उघडल्यावरचे पहिले काही क्षण नाजूक असतात. मग अजून दीडशेच्या वर असतो, लेप सैल असतो, कागदात उरलेला रंग अजून उडत असतो. अशा वेळी कागद जरा सरकला की बाजूला दुसरी पुसट प्रतिमा उमटते. दुकानात म्हणतात, शॅडो आली. हातमोजा घालून टेप एका बाजूनं सोडवायची आणि कागद एका झटक्यात, न घसरवता काढायचा. काही जण मग लगेच पाण्यात बुडवतात, म्हणजे रंग जागीच थांबावा. रंग थांबतो हे खरं, पण दीडशे अंशांवरची चिनीमाती एकदम गार करणं मला पटत नाही. तेव्हा न दिसलेला तडा पुढे कुणाच्या तरी हातात गरम चहासकट उघडतो. लाकडी फळीवर, मगांमध्ये अंतर ठेवून, पंख्याखाली गार होऊ द्यावेत.

हे काम बंद खोलीत करू नये. तापलेल्या रंगाचा आणि कागदाचा वास नाकाला जाणवतो म्हणजे ती वाफ छातीतही जाते. खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा हवाच. चित्र मगाच्या बाहेरच्या बाजूलाच ठेवावं आणि ओठ लागतो त्या काठापासून खाली. गिऱ्हाइकाला देतानाच सांगावं की तारेच्या घासणीनं आणि भांड्यांच्या पावडरीनं घासू नका. आपल्याकडे मग फिका पडल्याची तक्रार येते त्यातल्या कितीतरी मगांवर रंग गेलेला नसतो, लेपच खरवडला गेलेला असतो.

स्टीलच्या मगाची भिंत पातळ, ती पटकन तापते. तिथे चिनीमातीची वेळ दिली तर चित्र करपतं, म्हणून बऱ्याच कमी वेळेपासून सुरुवात करावी. गरम पाणी ओतल्यावर चित्र दाखवणाऱ्या जादूच्या मगांवर ताप पाहून रंग बदलणारा काळा थर असतो, आणि जास्त भाजल्यावर तो बदलायचाच थांबतो किंवा कायमचा राखाडी पडतो. त्यांचे आकडे पुरवठादाराकडून घ्यावेत आणि चाचणी त्यांच्या खालच्या बाजूनं सुरू करावी. आपल्या साध्या मगांचे आकडे तिथे लावू नयेत.

एलिमेंटचंही आयुष्य असतं. रिकामं मशीन आवळून तापत ठेवलं की उष्णता घ्यायला मग नसतो, पट्टा स्वतःच जळतो, सिलिकॉनला चिरा पडतात आणि आतल्या तारांचा एखादा भाग मंद होतो. मगावर रोज एकाच जागी फिका पट्टा यायला लागला, मग फिरवून बसवला तरी पट्टा मशीनच्या त्याच बाजूला येतो, तर एलिमेंट बदलायची वेळ झाली. नवा एलिमेंट बसवल्यावर जुने आकडे चालतील असं धरू नका. सेन्सरची जागा जराशी बदललेली असते, पकड बदललेली असते, आणि नवा पट्टा जुन्यापेक्षा जोरात तापतो. चाचणीचं डिझाइन काढा आणि १७५ पासून पुन्हा सुरुवात करा.